निरोगी ठसा

सोमवारी सकाळी अख्खं पिंपळसोंड गाव तोंड उघडून उभं असायचं.

सहाला डेअरीचं शटर वर जायचं. आत टेबलावर दोन यंत्रं शेजारी शेजारी. एक दुधाची फॅट सांगणारं, दुसरं माणसाच्या तोंडाचं. दूध रोज तपासायचं, तोंड फक्त सोमवारी. बायका दात घासून, मिश्री लावून, चूळ भरून किटल्या घेऊन रांगेत लागायच्या. किटली टेबलावर ठेवायची, पदरानं ओठ पुसायचे, कांडीला आपलं नवं टोक लावायचं, गालाच्या आतून तीनदा फिरवायची आणि खोबणीत उभी करायची. दहा आकडे मोजेपर्यंत दिवा लागायचा. हिरवा लागला की पुढच्या बाईला जागा करून द्यायची.

या कांडीचं सरकारी नाव भलतंच लांबलचक होतं. खोऱ्यातल्या त्रेचाळीस गावांत तिला सगळे उजेडकांडी म्हणत.

उजेडकांडी करते काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कांडीच्या टोकाला मऊ कुंचला असतो. तो गालाच्या आतून फिरवला की अस्तराच्या थोड्या पेशी त्याला चिकटतात. खोबणीत त्या पेशींवर एकाच ठरलेल्या रंगाचा उजेड पडतो. बहुतेक उजेड जसा गेला तसाच परत येतो. पण पेशीतले रेणू कधीच स्वस्थ नसतात, ते सारखे थरथरत असतात. कोट्यवधी उजेडकणांतला एखादा त्या थरथरीला धडकतो आणि रंग किंचित बदलून परततो. प्रत्येक रेणूची थरथर वेगळी, म्हणून बदललेला रंगही वेगळा. असे सगळे बदललेले रंग ओळीनं मांडले की बारीकजाड रेघांची एक पट्टी तयार होते. तिला म्हणायचं उजेडठसा. पेशी बिघडायला लागली की आतले रेणू बदलतात आणि रेघा सरकतात. गालावर डाग पडायच्या, दुखायच्या कितीतरी आधी. डॉक्टरच्या डोळ्याला जे दोन वर्षांनी दिसेल, ते उजेडाला आज दिसतं.

फक्त एक गोष्ट उजेडाला कळत नाही. चांगलं काय आणि वाईट काय, हे त्याला कुणीतरी आधी सांगावं लागतं. त्यासाठी यंत्रात एक निरोगी ठसा भरलेला असतो. तुमचा ठसा त्याच्याशी जुळला की हिरवा दिवा. जुळला नाही, पण रोगासारखाही दिसला नाही, तर पिवळा. रोगाच्या वाटेवर दिसला तर तांबडा.

ईश्वरी धुमाळला पिवळा लागला.

"सत्तरावा," ती स्वतःशीच म्हणाली.

चौदा वर्षं पूर्ण झाली की कांडी सुरू व्हायची. ईश्वरी आता साडेपंधरा वर्षांची, दहावीत, वर्गात पहिली. आणि सुट्टीचे सोमवार वगळले, तर एकही सोमवार असा नव्हता, की तिला हिरवा लागला.

मागून तुळसाकाकूंनी मान लांब केली. सत्तरीच्या तुळसाकाकूंचा स्वतःचा दिवा सतरा वर्षं हिरवा होता आणि त्यामुळे त्यांना सगळ्यांच्या तोंडात डोकवायचा हक्क मिळाला होता. "काय खाते गं ही?" त्या म्हणाल्या. "नंदा, पोरीच्या दप्तरात बघ जरा. पुड्या घावतील."

रांग हसली. टेबलापलीकडे बसलेली नंदा हसली नाही. ती ईश्वरीची आई. डेअरीवर फॅट बघायची आणि सोमवारी कांडीही तीच सांभाळायची.

"बघितलंय दप्तर," ती म्हणाली. "पुढं या, काकू. रांग थांबलीय."

खरंच बघितलं होतं. दप्तर, गादीखाली, कंपासपेटी, अगदी बुटांच्या आत. काही सापडलं नव्हतं, त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला होता. घरी ती पुन्हा पुन्हा विचारायची.

"एकदा खरं सांगून टाक ईशे. मी मारणार नाही. काय खातेस?"

"आई, मी बडीशेपसुद्धा खात नाही."

"मग यंत्र खोटं बोलतं का?"

यंत्र खोटं बोलत नव्हतं, हे गावाला पक्कं माहीत होतं. पहिल्याच वर्षी यंत्रानं अकरा पुरुष पकडले होते. तंबाखूला चुना लावून गालात धरणारे. त्यांचे दिवे तांबडे लागले तेव्हा गावानं हसण्यावारी नेलं, पण शहरात नेऊन तपासल्यावर अकराही जणांत रोगाची सुरुवात निघाली. ते अकराही जण अजून जिवंत होते. नंदाचे वडील मात्र कांडी येण्याच्या दोन वर्षं आधी याच रोगानं गेले. शेवटचे चार महिने त्यांना पाणीही नळीनं द्यावं लागे. म्हणून ते यंत्र ती रोज कापसानं पुसायची आणि त्याच्यावर कुणाला हात टेकू द्यायची नाही.

त्यात यंत्राशी तिचं आणखी एक नातं होतं. अठरा वर्षांपूर्वी, लग्न होऊन नवी नवी आलेली नंदा गावची आशाताई होती. उजेडकांडी बनवणाऱ्या डॉ. वसुधा केळुस्कर तेव्हा खोऱ्यात निरोगी तोंडं शोधत होत्या. पाणी, मसाला, सवयी यांमुळे भागाभागातल्या तोंडांचा ठसा थोडा वेगळा असतो, म्हणून निरोगी ठसा त्या त्या भागातूनच घ्यावा लागतो. पुरुष जवळजवळ सगळेच तंबाखू खाणारे, त्यामुळे नमुने बायकांचे घ्यायचं ठरलं. नंदानं घरोघर फिरून एकशे चौदा फॉर्म भरले. दोन बायका पानातून तंबाखू खायच्या, त्यांचे बाजूला काढले. उरलेल्या एकशे बारा बायकांच्या पेशींवरून खोऱ्याचा निरोगी ठसा तयार झाला. फॉर्म नंबर एक नंदाचा स्वतःचा.

वेशीवरच्या कमानीवर लिहिलंय, 'निरोगी ठशाचं गाव.' नंदाचं नाव नाही, पण त्या पाटीखालून जाताना ती दर वेळी वर बघते.

त्या सोमवारी जेवताना नंदानं भाकरीचा घास उजव्या गालातून डावीकडे ढकलला आणि डोळे मिटून थोडा वेळ थांबली.

"परत झोंबलं?" ईश्वरीनं विचारलं.

"ठेचा तिखट झालाय."

"यात मिरची नाहीये. मीच केलाय. दाण्याचा कूट आहे नुसता. आ कर बघू."

"तू डॉक्टर झालीस का?" पण तिनं तोंड उघडलं. उजव्या गालाच्या आत, मागच्या दाढेसमोर, दुधावरच्या सायीसारखा पांढरा पट्टा होता. मागच्या दिवाळीत तो नखाएवढा होता. आता बोटाच्या पेराएवढा.

"आई, हे वाढलंय."

"सकाळीच हिरवा लागला. तुझ्यासमोर."

तालुक्याच्या दवाखान्यातही नंदा दोनदा जाऊन आली होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आधी कार्ड मागितलं. त्यावर गेल्या सात वर्षांचे सगळे सोमवार हिरवे. मागच्या सात वर्षांचे ठसे यंत्रातच साठलेले राहतात, पण कार्डावर दिसतात ते फक्त दिवे. ते बघून त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि टॉर्च खिशातच राहिला. यात त्यांची चूक म्हणावी तर ती सगळ्यांचीच होती. जे उजेडाला दिसत नाही ते आपल्या डोळ्याला काय दिसणार, असंच आता शिकवलं जायचं.

शाळेत पिवळ्या पोरी सात होत्या. म्हणजे सात झाल्या होत्या कधीतरी. दर शुक्रवारी समुपदेशक बाई त्यांना वेगळ्या खोलीत बसवून सडलेल्या जबड्यांचे फोटो दाखवायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या, 'मी पुन्हा खाणार नाही.' ईश्वरीनं ते वाक्य इतक्यांदा लिहिलं होतं, की 'पुन्हा' हा शब्द आपण का लिहितोय हे विचारायचंही तिनं सोडून दिलं होतं. हळूहळू एकेक पोरगी हिरवी होऊन खोलीतून बाहेर पडली. शेवटी ईश्वरी एकटी राहिली.

"तू पण ना, लईच शहाणी आहेस," समृद्धी तिला म्हणाली. समृद्धी तिची बाकावरची मैत्रीण, चार महिन्यांपूर्वी हिरवी झालेली. दोघी पाण्याच्या टाकीमागे डबा खात होत्या. "सगळ्यांनी केलं ते कर की."

"काय केलं सगळ्यांनी?"

"शपथ घे आधी."

"घेतली."

"रविवारी आणि सोमवारी सकाळी आजीच्या डबीतली मिश्री लावायची. बोटभर. दहा मिनिटं ठेवायची, मग चूळ. एकदा लावून नाही होत. दोनतीन आठवडे धर. हिरवा."

"थापा मारू नकोस."

"बरं, मग लिही वहीत. मी पुन्हा खाणार नाही."

ईश्वरीनं तीन आठवडे लावली. आईची डबी न्हाणीघरात कोनाड्यातच असायची. पहिल्या दिवशी डोकं गरगरलं आणि ती बादलीला धरून बसली. दुसऱ्या आठवड्यात नुसती चव कडू लागली. तिसऱ्या सोमवारी तिनं कांडी खोबणीत ठेवली आणि मनात दहा आकडे मोजले.

हिरवा.

तुळसाकाकूंनी टाळी वाजवली. नंदानं काहीच केलं नाही. फक्त पुढच्या दोन बायकांच्या दुधाची फॅट तिनं बघितलीच नाही, नुसतीच यंत्राकडे बघत बसली. घरी आल्यावर तिनं साजूक तुपातला शिरा केला आणि ईश्वरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "सुटलीस बाई. मी किती बोलले तुला. पण सुटलीस."

ईश्वरीनं शिऱ्याची वाटी बाजूला सरकवली. आई जे सुटलं म्हणत होती, ते उलट आताच लागलं होतं. मंगळवारी, कांडीचा वार नसताना, तिचा हात आपोआप कोनाड्याकडे गेला. तिनं तो मागे घेतला आणि न्हाणीघरात तशीच उभी राहिली. माझं तोंड चांगलं होतं तेव्हा पिवळा. त्यात काळं काहीतरी चोळलं तर हिरवा. मग यंत्र हिरवा म्हणतं, ते नेमकं कशाला म्हणतं?

वर्षातून एकदा डॉ. केळुस्कर स्वतः यंत्राचा आरसा बदलायला यायच्या. गाव त्यांना उजेडबाई म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचं. त्या बुधवारी त्या आल्या तेव्हा नंदा चहा आणायला घरी गेली होती. डेअरीत आंबूस दुधाचा वास, टेबलावर उघडं यंत्र, आणि दारात शाळेच्या गणवेशात ईश्वरी.

"मॅडम, मिश्री लावली की दिवा हिरवा लागतो."

केळुस्कर आरसा पुसत हसल्या. "लागणार नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. जळलेल्या तंबाखूच्या रेघा ठशात लगेच दिसतात. उलट तांबडा लागेल."

"मला तीन आठवड्यांत लागला. आधी सत्तर सोमवार पिवळा होता. माझ्याआधी सहा जणींना लागलाय."

आरसा पुसणारा हात थांबला. "तू ईश्वरी ना? नंदाताईंची?" त्यांनी लॅपटॉप उघडला. "आमच्या अहवालात आहे हे. खोऱ्यात मुली चोरून तंबाखू खातात, वय चौदा ते अठरा. समुपदेशनानंतर दहापैकी नऊ मुली हिरव्या होतात. सगळ्यात यशस्वी कार्यक्रम आहे तो आमचा."

"त्या खात नव्हत्या, मॅडम. समुपदेशनानंतर खायला लागल्या. म्हणजे लावायला."

त्यांनी ईश्वरीचा पहिला पिवळा ठसा पडद्यावर घेतला. त्याच्या खाली खोऱ्याचा निरोगी ठसा. मग एक वेगळी पट्टी, नुसत्या भाजलेल्या तंबाखूची. तिन्ही एकाखाली एक. ईश्वरीला रेघांतलं काही कळत नव्हतं, पण कळायची गरजही नव्हती. तिच्या पट्टीत डावीकडे मोकळी जागा होती. निरोगी ठशात त्याच जागी जाड रेघांचा जुडगा होता. आणि तोच जुडगा, तसाच्या तसा, तंबाखूच्या पट्टीत.

"हे शक्य नाही," केळुस्कर हळू म्हणाल्या. "आम्ही विचारून घेतलं होतं. एकेका बाईला. तंबाखू नाही म्हणणाऱ्याच घेतल्या."

"काय विचारलं होतं?"

जुने फॉर्म लॅपटॉपवर होते. नंदाचं गोल, शाळकरी अक्षर. नाव, वय, मुलं किती. सहावा प्रश्न छापलेला: तंबाखू खाता का? पुढे निळ्या शाईत, नाही. पुढचा फॉर्म, नाही. त्याच्या पुढचा, नाही. एकशे बारा वेळा.

चहाची किटली घेऊन नंदा आत आली. दोघींचे चेहरे बघून तिनं किटली खाली ठेवली. "काय मोडलं?"

"नंदाताई," केळुस्कर म्हणाल्या, "या बायका मिश्री लावत होत्या का?"

"कुठल्या?"

"फॉर्ममधल्या."

"लावतात की. सगळ्याच लावतात. का?"

"पण तुम्ही इथं 'नाही' असं लिहिलंय."

नंदानं वाकून पडद्यावर बघितलं. आपलं जुनं अक्षर ओळखून ती क्षणभर सुखावलीसुद्धा. "बरोबर लिहिलंय. तंबाखू खाता का, असा प्रश्न आहे. मिश्री कोण खातं? मिश्री लावतात. आणि थुंकतात." ती बोलता बोलता थांबली. ईश्वरी खाली बघत होती. "तंबाखू बापे खातात," ती पुढे म्हणाली, पण आवाज लहान झाला होता. "आम्ही दात घासतो."

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली आणि गप्प झाली.

"प्रश्न मी लिहिला होता," केळुस्कर म्हणाल्या. "पुण्यात बसून. मिश्री म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. तिला खाणं म्हणत नाहीत, हे ठाऊक नव्हतं."

"उत्तर मी लिहिलंय," नंदा म्हणाली.

एका क्रियापदाची चूक. यंत्रानं मात्र आपलं काम चोख केलं होतं. त्याला सांगितलं गेलं, की ही एकशे बारा तोंडं निरोगी, त्यानं ती पाठ केली. मिश्रीनं जळलेलं अस्तर सतरा वर्षं त्याच्या लेखी निरोगी होतं, त्यातल्या कुणाकुणाच्या गालात तेव्हाच सुरू झालेला बिघाडही निरोगी होता. चुना लावलेल्या कच्च्या तंबाखूच्या रेघा वेगळ्या, म्हणून पुरुष पकडले गेले आणि वाचले. बायका जुळत राहिल्या. आणि जे तोंड खरंच स्वच्छ, त्याला यंत्र म्हणालं, हे आपल्यातलं नाही.

"नवा निरोगी ठसा बनवता येईल का?" ईश्वरीनं विचारलं.

"स्वच्छ तोंडांचा हवा. खोऱ्यातल्याच. आणि त्यांनी कधी लावली, कधी नाही, हे खरं सांगणारी माणसं हवीत."

ईश्वरी धावत शाळेत गेली. शपथ मोडली. समृद्धीनं आधी तिच्याशी बोलणं सोडलं, मग दुपारी स्वतःच वहीचं पान फाडून आणून दिलं. सात नावं, आणि प्रत्येकीपुढे, मिश्री कधी सुरू केली ती तारीख. त्याआधीचे सगळे पिवळे सोमवार स्वच्छ. ज्या ठशांसाठी पोरींनी शिव्या खाल्ल्या होत्या, ते गोळा करून चार वाजेपर्यंत केळुस्करांनी कच्चा नवा ठसा उभा केला.

"आधी कुणाचा लावू याच्यावर?" त्यांनी विचारलं.

मग नंदा खुर्ची ओढून बसली. "फॉर्म नंबर एक."

नंदाचे सात वर्षांचे सोमवार यंत्रात होते. केळुस्करांनी ते एकामागून एक नव्या ठशाशी जुळवायला लावले. पडद्यावर छोटे चौकोन भरत गेले. पहिली रांग पिवळी. दुसरी पिवळी. तिसऱ्या रांगेच्या शेवटी एक चौकोन तांबडा झाला. मग पुढचा. मग शेवटपर्यंत एकही पिवळा आला नाही.

ईश्वरीनं मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजले. दोनशे अकरा.

"म्हणजे," नंदानं विचारलं, "त्याला दिसत होतं?"

"दिसत होतं."

"चार वर्षं?"

"पट्टीत सगळं होतं, नंदाताई. दर सोमवारी. फक्त हे वाईट आहे, हे त्याला माहीत नव्हतं. आपण चांगलं म्हणून सांगितलं होतं."

नंदानं जिभेनं आतून गाल चाचपला. मुलीनं दिवाळीत दाखवलेला, मुलीला नुसत्या डोळ्यांनी दिसलेला पट्टा. "आता होईल का बरं?"

केळुस्करांनी लगेच हो म्हटलं नाही, आणि त्याबद्दल ईश्वरीला त्यांचा राग आला नाही. "वरच्या थरातच असेल तर तेवढा भाग काढून बरं होतं. खोल गेलं असेल तर कठीण आहे. पुढच्या आठवड्यात पेशींचा तुकडा घेऊन बघू. चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर मी लगेच हो म्हणाले असते."

ईश्वरीनं आईचा हात धरला. तो दुधानं चिकट होता.

"आणि बाकीच्या?" नंदा म्हणाली. "तुळसाकाकू? त्रेचाळीस गावं?"

"नवा ठसा घालायला परवानगी लागेल. तीन आठवडे. मी बाकीच्या गावांनाही आजच कळवते, पण ती यंत्रं बंद करायचा हुकूम वरून यावा लागेल. तोवर—"

"तोवर ते हिरवा दाखवत राहणार."

"हो."

नंदा उठली. किटलीवर झाकायचं ओलं फडकं तिनं पिळलं आणि उजेडकांडीवर टाकलं. "माझ्या गावात नाही दाखवणार."

पुढचे दोन सोमवार रांग येऊन परत गेली. कांडी बंद आहे, एवढंच नंदानं सांगितलं. बायका कुरकुरल्या. "हिरवा बघितल्याशिवाय कसं कसं तर वाटतंय गं," असं एक जण म्हणाली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. रोज दुपारी नंदा मात्र जुने फॉर्म घेऊन घरोघर जात होती. एकशे बारातल्या एकसष्ट बायका गावात जिवंत होत्या. तीस जणी गाव सोडून गेल्या होत्या. एकवीस जणी कांडी आल्यानंतर वारल्या होत्या. कशानं, ते घरचे सांगत. म्हातारपणानं. खाणं सुटलं म्हणून. घसा बसला म्हणून. दिवा हिरवा होता, त्यामुळे तोंडाचा रोग म्हणून कुणी नोंदवलंच नव्हतं. नंदा प्रत्येक फॉर्मवर सहावा प्रश्न खोडायची आणि त्याच्यावर लिहायची: मिश्री लावता का?

तुकड्याचा निकाल आला. रोग होता. किती खोल, ते कापल्यावरच कळणार होतं. शस्त्रक्रियेची तारीख गुरुवारची मिळाली. आदल्या सोमवारी नवा ठसा यंत्रात आला.

गालाच्या आतलं अस्तर साधारण पंधरा दिवसांत नवं होतं. ईश्वरीनं डबीला हात लावून एकवीस दिवस झाले होते. पहिले पाच दिवस तिला चिडचिड झाली, मग नाही.

डेअरीचं शटर सहाला वर गेलं. नंदानं फडकं काढलं आणि रांगेकडे वळून म्हणाली, "आज मी आधी." एरवी ती सगळ्यात शेवटी लावायची. तिनं कांडी फिरवली, खोबणीत ठेवली आणि बाजूला सरकली, मागच्यांना नीट दिसावं म्हणून.

तांबडा.

"बिघडलंय यंत्र," मागून कुणीतरी म्हणालं.

"आजवर बिघडलं होतं," नंदा म्हणाली. मिश्री, प्रश्न, आपलं उत्तर, सगळं तिनं चार वाक्यांत सांगितलं. रडली नाही. बोलताना उजवा गाल तिला दुखत होता, ते फक्त ईश्वरीला कळत होतं. "चूक माझ्या हातची आहे. कुणाला शिव्या घालायच्या असतील तर आज घाला, परवापासून मी दवाखान्यात. पण कांडी लावून जा."

कुणी शिव्या घातल्या नाहीत. एकेक बाई पुढे आली. पिवळा. पिवळा. तांबडा. पिवळा. समृद्धीलाही पिवळाच, आणि तिनं ईश्वरीकडे न बघता टोक काढून डब्यात टाकलं. तांबडा. त्या बाईनं आपली किटली उचलली आणि फॅट न बघताच दूध घेऊन घरी गेली. एरवी गजबजणाऱ्या डेअरीत नुसता यंत्राचा बारीक आवाज येत होता.

तुळसाकाकूंना तांबडा लागला. त्या दिव्याकडे बघत राहिल्या. सतरा वर्षांच्या ओळखीचा माणूस अचानक अनोळखी भाषेत बोलावा, तशा.

ईश्वरी सगळ्यात शेवटी होती. तिनं कांडी फिरवली आणि ठेवली. दीड वर्ष तिला या टेबलावर एकच गोष्ट हवी होती. दहा आकडे झाले.

हिरवा.

त्या सकाळचा तो एकच हिरवा दिवा. तिनं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली, किंचित, आणि नोंदवहीत टीक केली.

भिंतीशी अजून उभ्या असलेल्या बायका त्या दिव्याकडे बघत होत्या. त्यांतल्या कुणाच्याच चेहऱ्यावर आनंद नव्हता. तुळसाकाकूंनी सुकलेल्या ओठांवरून पदर फिरवला आणि शेजारणीला विचारलं. या वेळी त्यात थट्टा अजिबात नव्हती.

"हिलाच कसा हिरवा? काय खाते गं ही?"